गवताला मेंढरू लागतं

आल्प्सची कुरणं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. प्रत्यक्षात कमी, पडद्यावर जास्त. हिरवागार उतार, पिवळी-निळी फुलं, गळ्यात मोठी घंटा बांधलेली गाय आणि मागं बर्फाचं शिखर. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ बघून मोठ्या झालेल्या पिढीला तर ही घंटा ऐकूनच स्वित्झर्लंड आठवतं. ते चित्र बघताना आपण मनात एकच शब्द म्हणतो: निसर्ग.

पण घंटा निसर्गात उगवत नाही. ती कुणीतरी गायीच्या गळ्यात बांधलेली असते, आणि त्या ‘कुणीतरी’शिवाय ते हिरवं चित्रही टिकत नाही. आल्प्समध्ये साधारण दोन हजार मीटरच्या आसपास झाडांची हद्द संपते. त्याच्या वरचं गवत आपापलं उगवतं. खालच्या उतारांवर मात्र मुळात जंगल होतं. माणसांनी ते तोडलं, तिथं जनावरं चारली, गवत कापलं आणि हे हजारो वर्षं चालू ठेवलं. त्यातून जी कुरणं तयार झाली, ती आज युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत अधिवासांपैकी आहेत. श्रीमंत म्हणजे किती? रोमानियात ट्रान्सिल्वेनियामधल्या एका गवताळ उतारावर फक्त १० चौरस मीटर जागेत वनस्पतींच्या ९८ जाती मोजल्या गेल्यात. आपल्या फ्लॅटमधली बेडरूम एवढी असते.

मी हे सगळं वाचायला लागलो त्याचं कारण पर्यावरणप्रेम नव्हे. कारण घरचं आहे. मी माण तालुक्यातला, आणि आमच्या घरी मेंढरं होती.

होती, म्हणजे आता नाहीत. मी इंजिनिअरिंगला लागलो त्या वर्षी आबांनी कळप विकला. पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट आणि लॅपटॉप एवढ्यात कळप संपला. आबा त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. आता मी म्युनिकमध्ये एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. आमचं सॉफ्टवेअर विम्याचे दावे तपासतं. ऑफिसमध्ये कुणी विचारलं की घरी काय करतात, तर मी ‘शेती’ म्हणतो. ‘माझे आजोबा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं चालायचे’ हे जर्मनमध्ये नीट सांगता येत नाही असं मी स्वतःला सांगतो. खरं तर मराठीतही ते सांगायला जरा वेळ लागतो.

*

जूनमध्ये म्युनिकहून गाडीनं तीन-चार तासांवर फेंट नावाच्या गावी गेलो. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, ओट्झ खोऱ्याच्या अगदी टोकाला, साधारण १९०० मीटर उंचीवर हे गाव आहे. डोंगराच्या पलीकडं इटली. इटलीच्या बाजूच्या श्नाल्स खोऱ्यातले शेतकरी दरवर्षी जूनच्या मध्याला काही हजार मेंढरं घेऊन निघतात, जवळजवळ तीन हजार मीटर उंचीच्या खिंडी ओलांडतात, बर्फावरून चालतात आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या कुरणांवर येतात. सप्टेंबरमध्ये त्याच वाटेनं परत. या चराईच्या हक्काचा १४१५ सालचा लेख उपलब्ध आहे. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, साम्राज्य मोडलं, डोंगरावरून नवी आंतरराष्ट्रीय सीमा गेली. मेंढरांनी वाट बदलली नाही.

याच डोंगरात, तिसेनयोख नावाच्या खिंडीत, १९ सप्टेंबर १९९१ रोजी एका जर्मन जोडप्याला बर्फात माणसाचं शव दिसलं. तो ‘ओट्झी’, ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. म्हणजे या खिंडीतून माणसांची ये-जा किती जुनी आहे बघा. युनेस्कोनं २०१९मध्ये ऑस्ट्रिया, इटली आणि ग्रीसमधली अशी हंगामी भटकंती मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि २०२३मध्ये तिच्यात आणखी देश जोडून एकूण दहा देश केले. या भटकंतीला ते ‘ट्रान्सह्यूमन्स’ म्हणतात. आमच्याकडं ‘मेंढरं घाट उतरली’ म्हणतात.

मेंढरं खाली येताना दिसली तशी मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं, ते बर्फ बघून थक्क होतील. त्यांनी बर्फाकडं बघितलंसुद्धा नाही.

“जरा जवळ जा,” ते म्हणाले. “कान आपल्या मेंढरांगत लोंबत्यात की. आन् ती डावीकडची लंगडतीया, खूर बघाय पायजे तिचा. सांग त्यास्नी.”

मी सांगितलं. मोडक्या जर्मनमध्ये, बोट दाखवून. शेजारी उभ्या असलेल्या साठीच्या मेंढपाळानं त्या मेंढीकडं बघितलं, मान हलवली आणि फोनमधल्या आबांकडं बघून हात वर केला. आबांनीही केला. दोघांनी एकमेकांना ओळखलं असं म्हणणं जास्त होईल, पण दोघांनी एकच मेंढी बघितली होती एवढं नक्की.

मग आबांनी विचारलं, “रातीला वाघर लावत्यात का?”

वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. मी म्हटलं, “नाही. इथं मेंढरं उन्हाळाभर डोंगरावर मोकळी असतात.”

“आन् लांडगं?”

या प्रश्नाकडं पुन्हा येऊ.

*

आधी गवताचं सांगतो, कारण सगळा खेळ तिथं आहे.

मेंढी, गाय आणि शेळी सगळं सारखं खात नाहीत. काही गवतं आवडीनं खातात, काही टाळतात, काही तुडवतात. त्यामुळं कुरणात कुठं बुटकं गवत, कुठं उंच झुबके, कुठं उघडी माती असं चित्र तयार होतं आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळ्या वनस्पतींना संधी मिळते. एकाच दांडग्या जातीनं सगळी जागा बळकावली असं होत नाही. शेणा-लेंड्यांवर भुंगेरे जगतात, भुंगेऱ्यांवर पक्षी.

चराई बंद झाली की पहिली दोन-तीन वर्षं सगळं छान दिसतं. फुलं वाढल्यासारखी वाटतात. मग जुनं, सुकलेलं गवत साचतं आणि खालच्या रोपांना ऊन मिळेनासं होतं. झुडपं येतात. आल्प्समध्ये अनेक ठिकाणी सोडून दिलेल्या कुरणांवर हिरव्या आल्डरचं रान माजलंय. या झुडपाच्या मुळांमुळं जमिनीत नत्र वाढतं, आणि गरीब मातीत राहायची सवय असलेली डोंगरी फुलं तिथून हद्दपार होतात. एका प्रकारच्या निळ्या फुलपाखराचं उदाहरण घ्या. ते जेन्शियन नावाच्या फुलझाडाच्या कळ्यांवर अंडी घालतं. अळी काही दिवस फुलात खाते, मग जमिनीवर पडते आणि आपल्या अंगाला असा वास आणते की मुंग्यांना ती आपलीच वाटते. मुंग्या तिला वारुळात नेऊन पोसतात. या गोष्टीला फूल लागतं, मुंग्यांची ठरावीक जात लागते, आणि दोघांना उन्हातलं बुटकं गवत लागतं. म्हणजे शेवटी चरणारं जनावर लागतं. साखळीतली एक कडी निघाली की बाकीचं सगळं आपोआप बंद पडतं, एरर मेसेजसुद्धा न देता.

पण चराई जास्त झाली तरी तेच होतं. माती उघडी पडते, धूप होते. गुरं जिथं रोज बसतात तिथं शेणानं जमीन इतकी माजते की आल्पाइन डॉक नावाच्या रुंद पानांच्या तणाशिवाय फारसं काही उगवत नाही. म्हणजे शून्यही चालत नाही आणि अमर्यादही चालत नाही.

ही मर्यादा कशी ठरवायची, हे आल्प्समधल्या गावांनी फार पूर्वी शोधून काढलं. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावाचा १५१७चा नियम आहे: हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवायच्या. जास्त पाठवल्या तर दंड. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या आपल्या पुस्तकात या गावाचं उदाहरण दिलंय. सामायिक मालमत्ता माणसं ओरबाडूनच टाकतात हा समज त्यांनी अशा उदाहरणांनी खोडून काढला, आणि २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. माझ्या कामात याला रेट लिमिटिंग म्हणतात. सर्व्हर झोपू नये म्हणून एका युजरला ठरावीक वेळात ठरावीकच रिक्वेस्ट पाठवू द्यायच्या. फरक एवढाच की टॉर्बेलचा नियम पाचशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यात प्रत्येकाची मर्यादा त्याच्याच गवताच्या गंजीवरून ठरते. कागदपत्रं तपासायला नकोत. गंजी सगळ्या गावाला दिसते.

*

गावाचा नियम गावापुरता. फुलपाखरं, पक्षी आणि बिया गावाची वेस ओळखत नाहीत. म्हणून युरोपनं जाळं विणलं.

१९७९मध्ये पक्ष्यांसाठी आणि १९९२मध्ये अधिवासांसाठी युरोपीय समुदायानं कायदे केले. त्यातून ‘नाटूरा २०००’ हे संरक्षित जागांचं जाळं उभं राहिलं. आज त्यात सुमारे २७ हजार जागा आहेत आणि युरोपीय संघाची १८ टक्क्यांहून जास्त जमीन त्याखाली येते. स्वित्झर्लंड संघात नाही, तर अशा देशांसाठी बर्न कराराखालचं ‘एमराल्ड’ हे दुसरं जाळं आहे. १९९१च्या आल्प्स करारात आठ देश आले आणि १९९५पासून आल्प्समधल्या संरक्षित क्षेत्रांचं ‘आल्पार्क’ हे स्वतःचं संघटन आहे. कार्पेथियन पर्वतरांगेसाठी २००३मध्ये असाच वेगळा करार झाला.

इंजिनिअर म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडली. नाटूरात प्रत्येक अधिवासाला चार आकडी कोड आहे. डोंगरातल्या कापणीच्या गवताचा ६५२०. खडकाळ, गरीब मातीतल्या ‘नार्डस’ गवताच्या, पण अनेक जातींनी समृद्ध कुरणाचा ६२३०, आणि त्यापुढं एक तारा. तारा म्हणजे अग्रक्रम: हे आधी वाचवा. दर सहा वर्षांनी प्रत्येक देशानं कळवायचं की आपल्याकडच्या प्रत्येक कोडची तब्येत कशी आहे. २०२०च्या अहवालात युरोपातल्या ८१ टक्के अधिवासांची अवस्था खराब किंवा फार खराब निघाली. हा आकडा वाचून वाईट वाटतं. पण मोजलं, आणि मोजलेलं लपवलं नाही, याचंही मला कौतुक वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: या जाळ्यातली बरीचशी जमीन कुंपण घालून बंद केलेली नाही. फेंटच्या भोवतीचा ओट्झटालर आल्पेन हा भागसुद्धा नाटूरात आहे आणि मेंढरं त्याच परिसरात चरतात. संरक्षणाच्या यादीत असलेलं कुरण टिकवायचं तर तिथं चरणारं जनावर टिकलं पाहिजे, हे तिथल्या धोरणात आलंय. म्हणून ऑस्ट्रियात उन्हाळ्यात जनावरं डोंगरावर नेणाऱ्याला आणि तिथं राखण ठेवणाऱ्याला अनुदान मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये त्याचं एकक ‘नॉर्मलस्टोस’ आहे: एक मोठं जनावर, डोंगरावर १०० दिवस. टॉर्बेलची गंजी आता सरकारी तक्त्यात गेली आहे, एवढंच.

मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “म्हंजी मेंढरं चारल्याबद्दल सरकार पैसं देतं?”

“हो.”

“चारू नका म्हणून न्हाई, चारा म्हणून?”

“हो.”

“लई भारी,” ते म्हणाले आणि विषय बदलला. पावसाचं विचारलं. आमच्याकडं न बोलायचं असलं की पावसाचं विचारतात.

*

आता लांडग्याकडं.

आल्प्समधून लांडगा संपवला होता. कायद्यानं संरक्षण मिळाल्यावर तो इटलीतून आपल्या पायांनी परत आला. १९९२मध्ये फ्रान्सच्या मेर्कांतूरमध्ये दिसला, १९९५मध्ये स्वित्झर्लंडमध्ये. संरक्षणाच्या बाजूनं बघितलं तर यासारखं यश नाही. पण शंभरेक वर्षं लांडगा नव्हता, त्यामुळं उन्हाळाभर मेंढरं मोकळी सोडायची पद्धत घट्ट रुजली. आता राखण ठेवायची तर माणूस हवा, कुत्री हवीत, रात्रीचं कुंपण हवं. खडकाळ कड्यावर कुंपण घालणार कसं? वीस-तीस मेंढरांच्या मालकाला हे परवडत नाही. तो मेंढरं विकतो, कुरण मोकळं पडतं, झुडपं येतात, आणि ताऱ्याचा कोड असलेलं गवत संपतं. एकाच कायद्यानं लांडग्यालाही वाचवायचंय आणि गवतालाही, आणि मधे उभा आहे मेंढपाळ. डिसेंबर २०२४मध्ये बर्न कराराच्या समितीनं लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. कुणी म्हणालं फार उशीर झाला, कुणी म्हणालं हा विश्वासघात आहे.

फेंटच्या त्या मेंढपाळाला मी विचारलं, लांडग्याचं काय करायचं? तो म्हणाला, लांडग्याचं नंतर बघू, आधी माझ्यानंतर वर कोण येणार ते सांग. मग विचारलं, तू काय करतोस? मी म्हटलं, सॉफ्टवेअर. तो हसला. म्हणाला, माझा मुलगाही.

कोड, करार, अनुदान, अहवाल हे सगळं असूनही शेवटची कडी माणूसच आहे, आणि ती कडी माझ्यासारख्या मुलांमुळं निसटतेय, तिकडंही आणि इकडंही. त्याच्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. पहाटे चारला उठून पावसात डोंगर चढायचा आणि वर्षअखेरीला हातात काय पडलं याचा हिशेब करायचा, त्यापेक्षा खुर्चीत बसून बग शोधणं सोपं आहे. पैसा जास्त आहे, लग्न जमतं. आबांनी मला नेमकं त्यासाठीच शिकवलं.

पण हाडगिळ्या गिधाडाची गोष्ट मला धीर देते. मेलेल्या जनावराची हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडून खाणारं हे गिधाड. जर्मनमध्ये त्याला ‘कोकरांचं गिधाड’ म्हणायचे. ते कोकरं पळवतं अशी समजूत होती, म्हणून माणसांनी त्याला मारून मारून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधून संपवलं. १९८६मध्ये ऑस्ट्रियाच्या राउरिस खोऱ्यात पाळीव जोड्यांची पिल्लं रानात सोडायला सुरुवात झाली. अनेक देशांतली प्राणिसंग्रहालयं, प्रजनन केंद्रं आणि राष्ट्रीय उद्यानं मिळून हे काम करत होती. रानात पहिलं पिल्लू उडालं ते १९९७मध्ये, फ्रान्सच्या ओत-साव्हुआत. अकरा वर्षं वाट बघायला लागली. आमच्या प्रोजेक्टला दोन आठवड्यांत रिझल्ट दिसला नाही तर मीटिंग लागते.

*

आमच्या माणदेशात जाळं नाही असं नाही, पण ते वेगळं आहे. देशाच्या नोंदीत आमच्या माळांसारख्या कितीतरी गवताळ जमिनी ‘पडीक’ म्हणून लावल्या जातात. पडीक म्हणजे कामाची नाही, म्हणजे तिथं काहीही करा. कुणी भेटलं की सांगतं, माळावर झाडं लावा, निसर्ग वाचेल. त्या माळावर आधीपासून खोकड, लांडगा, चंडोल आणि गवताच्या कितीतरी जाती राहतात हे सांगायला गेलं की लोक मोबाईल बघायला लागतात. सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, पण त्या पक्ष्याला लागणारा मोठा, सलग माळ भोवतीनं आटत गेला. साताऱ्याच्याच कास पठारावर गुरांना बंदी करावी की चरू द्यावं यावर वर्षानुवर्षं वाद झालाय. आल्प्सचं उत्तर जसंच्या तसं कासला लागू होणार नाही. इथली माती, पाऊस, फुलं वेगळी आहेत. पण प्रश्न विचारायची पद्धत उचलता येते: इथं कोण चरत होतं, किती, कधी, आणि ते थांबल्यावर काय झालं?

आमच्या घरचा प्रश्न याहून साधा आहे. आमचा चार एकर मुरमाड माळ आहे. त्यावर सोलर पॅनेल लावायला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची ऑफर आली आहे. पैसे वाईट नाहीत. आबांनी मला कागद पाठवले आणि विचारलं, काय करू? सोलर वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या लॅपटॉपलाही वीज लागते. पण मी गेले काही महिने कुरणांबद्दल एवढं वाचलं होतं की मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “आबा, नको. माळ राहू दे.”

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “मंग चाराय तू येतोस का?”

मी गप्प बसलो. तेही गप्प बसले. पावसाचं मात्र कुणी विचारलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं की दसरा ते दिवाळी चुलत्यांची मेंढरं आमच्या माळावर येतात. भाडं घेत नाहीत. दोन रात्री मेंढरं आमच्या खालच्या रानात बसवायची, लेंडीखत रानाला, चारा मेंढरांना. करार नाही, कोड नाही, अनुदान नाही. चुलते बासष्ट वर्षांचे आहेत. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे.

ऑफर या वर्षअखेरपर्यंत खुली आहे. आमचं अजून ठरलेलं नाही. दरम्यान मी आबांना एकच काम सांगितलंय: माळावर जाऊन दिसेल त्या गवताचं नाव सांगा आणि फोटो पाठवा. पहिल्यांदा ते हसले. म्हणाले, गवाताचं काय नाव विचारायचं आसतं व्हय? मग फोटो यायला लागले. पवना. मारवेल. कुसळी. शेडा. काहींना फक्त वर्णन आहे: ‘मेंढरू कोवळं खातं, वाळल्यावर तोंड लावत न्हाई.’ मी ते सगळं एका शीटमध्ये भरतोय. नाव, फोटो, तारीख, कोण खातं. कालपर्यंत एकोणीस ओळी झाल्यात. कोडचा रकाना रिकामा ठेवलाय.